टाइम सर्व्हरवरची गर्दी: गप्प राहावं, बजावावं की मोजून द्यावं?

पावसाळ्यात रत्नागिरीत लाईट जाते आणि येते, तसे जेटीवरचे, दुकानांतले, लॉजमधले कॅमेरे एकदम जागे होऊन वेळ विचारू लागतात. तुमचा एनटीपी सर्व्हर, म्हणजे नेटवर्कवरच्या यंत्रांना अचूक वेळ सांगणारा, सगळ्यांना खुला असेल, तर या गर्दीत दर सेकंदाला टकटक करणारे आगंतुकही असतात. त्यांना कसं आवरायचं?

सगळ्यात सोपं म्हणजे फायरवॉलवर त्यांची पाकिटं, म्हणजे वेळेच्या विनंत्या, गिळून टाकणं. पण आगराला गडगा घातला म्हणून गुरं घरी जात नाहीत. २००३ साली विस्कॉन्सिन विद्यापीठाने हे अनुभवलं. एका कंपनीच्या राऊटरमध्ये त्यांच्या सर्व्हरचा पत्ता कायमचा कोरलेला होता आणि उत्तर आलं नाही की ते दर सेकंदाला पुन्हा विचारत. पाकिटं दारात अडवली तरी लोंढा सेकंदाला अडीच लाखांवर गेला.

दुसरा मार्ग ‘किस ऑफ डेथ’. नाव भयंकर, पण आहे साधी चिठ्ठी: ‘स्ट्रॅटम’ म्हणजे सर्व्हरच्या पायरीच्या जागी शून्य, सोबत ‘डिनाय’ म्हणजे पुन्हा येऊ नकोस, किंवा ‘रेट’ म्हणजे दमाने घे. एनटीपीडी या सर्व्हर प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये ‘केओडी’सोबत (म्हणजे किस ऑफ डेथ) ‘लिमिटेड’ लिहिलं नाही तर चिठ्ठी जातच नाही. शहाणा क्लायंट ऐकतो. स्वस्तातला कॅमेरा ती वाचेलच याचा भरवसा नाही, आणि त्रास बहुधा त्याचाच असतो.

माझा कौल क्रोनी या दुसऱ्या सर्व्हर प्रोग्रामच्या ‘रेटलिमिट’ला. मुळात ते बंद असतं, स्वतः चालू करावं लागतं. मग एका पत्त्याला सरासरी ८ सेकंदांत एक उत्तर, सुरुवातीला ८ उत्तरांची सूट. खरी गंमत ‘लीक’मध्ये आहे: मर्यादा ओलांडली तरी साधारण चारातल्या एका विनंतीला उत्तर मिळतंच. एनटीपीची पाकिटं ज्या यूडीपी पद्धतीने जातात, तीत पाठवणाऱ्याचा पत्ता खोटा घालता येतो. कुणी तुमच्या नावाने धुमाकूळ घातला, तरी तुम्ही पुरते उपाशी राहत नाही.

खोट इतकीच, की एका पब्लिक आयपीमागचे लॉजचे वीस कॅमेरे सर्व्हरला एकच हावरट गिऱ्हाईक वाटतात. अशा ठिकाणी आत छोटा सर्व्हर बसवा, कॅमेऱ्यांना त्यालाच विचारू द्या. बाहेर तो एकटा विचारेल. सर्व्हर फक्त कॉलेजपुरता असेल, तर क्रोनीच्या ‘अलाऊ’मध्ये आपलं नेटवर्क लिहा, एवढ्यावर भागतं.

एनटीपीडीच ठेवणार असाल तर आधी ‘नोक्वेरी’ लावा, म्हणजे सर्व्हरची माहिती विचारणारे प्रश्न बंद होतात. जुन्या आवृत्तीतल्या ‘मॉनलिस्ट’ या अलीकडच्या गिऱ्हाइकांची यादी देणाऱ्या आज्ञेमुळे चिमुकल्या प्रश्नाला भलंमोठं उत्तर जातं, तेही खोट्या पत्त्यामुळे तिसऱ्याच्याच अंगावर.