डायव्हिंगचं घड्याळ, काही महिन्यांच्या वापरानंतर: पाण्याखाली कॅलरीच्या आकड्यावर विसंबू नका

घड्याळ सर्व्हिस सेंटरमधून दुसऱ्यांदा परत आलं. सोबतच्या कागदावर एकच ओळ होती, "सेन्सर व्यवस्थित आहे." सेन्सर बिघडलाय असं माझं म्हणणं नव्हतंच. जमिनीवर पळताना तो छातीवर बांधायच्या, हृदयाचे ठोके मोजणाऱ्या पट्ट्याशी जवळपास तंतोतंत जुळतो. तक्रार होती पाण्याखालची. प्रवाहाविरुद्ध फिन्स मारून मांड्या भरून आल्या, तोंडातल्या रेग्युलेटरची (टाकीतली हवा श्वासाला देणारं यंत्र) घरघर थांबत नव्हती, आणि मनगटावर ठोके दिसत होते ९२. वर आल्यावर कॅलरी बघितल्या, तर बागेत फेरी मारून आल्यासारखा आकडा. हे तिथल्या माणसाला दोनदा सविस्तर लिहून दिलं, दोन्ही वेळा टेबलावर चाचणी घेऊन घड्याळ परत आलं.

खोली, वेळ, डीको (वर येताना घ्यायच्या थांब्यांचा हिशेब), बॅटरी यांबद्दल काही म्हणणं नाही. सगळं चोख आहे, इतर परीक्षणांत वाचलं असेलच. मी फक्त श्रम मोजण्याबद्दल लिहितोय, कारण डबीवर तेच मोठ्या अक्षरात छापलंय.

मनगटावरचा हिरवा दिवा कातडीखालच्या रक्ताची चढउतार बघतो. गार पाण्यात हातातल्या रक्तवाहिन्या आवळतात, वेटसूटची बाही घड्याळ हलवते, मध्ये पाणी शिरतं. म्हणून छातीचा पट्टा घेतला. ब्लूटूथच्या लहरी पाण्यात फार लांब जात नाहीत, त्यामुळे पट्टा ठोके स्वतःजवळ साठवतो आणि वर आल्यावर घड्याळाला देतो. डायव्ह चालू असताना त्याचा उपयोग शून्य. पण नंतर आलेख बघितला तर पट्ट्याचे आकडेही कमीच निघाले! म्हणजे दोष एकट्या मनगटाच्या सेन्सरचा नाही.

पाण्यात उतरलं की पायांतलं रक्त छातीकडे सरकतं, हृदय दर ठोक्याला जास्त रक्त ढकलतं, त्यामुळे तेवढ्याच कामाला कमी ठोके पुरतात. चेहऱ्याला गार पाणी लागलं की ते आणखी मंदावतात. उलट गढूळ पाण्यात जोडीदार दिसेनासा झाला की काहीही काम न करता ठोके वाढतात. घड्याळाचं ठोक्यांवरून कॅलरी काढायचं सूत्र जमिनीवरचं आहे. ते पाण्याखाली तसंच चालवणं ही कंपनीची चूक, आणि माझा राग त्यावर आहे.

फोनमधल्या अ‍ॅपमध्ये हाताने 'स्कूबा' निवडलं तर दुसरं टोक. तिथे तक्ता वापरतात. स्वस्थ बसलेल्या माणसाला दर किलो वजनामागे मिनिटाला ३.५ मिलिलिटर ऑक्सिजन लागतो, तो १ मेट. १९९३ साली अमेरिकी संशोधकांनी वेगवेगळ्या शारीरिक कामांच्या मेटचा तक्ता प्रसिद्ध केला, पुढे तो सुधारत गेला. त्यात सर्वसाधारण स्कूबाला ७ मेट आहेत, जवळपास जॉगिंगइतकेच. ७० किलोच्या माणसाला ४० मिनिटांत सव्वातीनशे कॅलरी. प्रवाळाजवळ तरंगत मासे बघणाऱ्याला इतकी दमछाक होत असती तर टाकी अर्ध्या वेळात संपली असती.

इथपर्यंत मी घड्याळाला दोन तारे देणार होतो. मग टाकीतल्या हवेचा दाब घड्याळाला कळवणारा ट्रान्समीटर घेतला (वेगळा विकतात, आणि स्वस्त नाही), आणि मत बदललं. श्रमाचं माप टाकीतच होतं. एका शांत डायव्हचं गणित बघा. १२ लिटरची टाकी, दाब २०० बारवरून ८० वर, ४० मिनिटं, सरासरी खोली १२ मीटर. १२ गुणिले १२० म्हणजे १४४० लिटर, भागिले ४०, मिनिटाला ३६. त्या खोलीवर दाब २.२ बार, म्हणून पृष्ठभागाच्या हिशेबात साधारण १६ लिटर. एक लिटर ऑक्सिजन वापरायला ढोबळमानाने २० ते २५ लिटर हवा श्वासात घ्यावी लागते. म्हणजे ऑक्सिजन पाऊण लिटरच्या आसपास, ७० किलोच्या माणसाला जेमतेम ३ मेट, आणि लिटरमागे ५ कॅलरी धरल्या तर अख्ख्या डायव्हला दीडशेच्या आतबाहेर. तक्त्याच्या निम्म्याहून कमी.

आणि तो प्रवाहाविरुद्धचा टप्पा? ठोके ९२ असताना हवा त्याच हिशेबात मिनिटाला २८ लिटर जात होती. मांड्या जे सांगत होत्या तेच. अमेरिकी नौदलाच्या डायव्हिंग मॅन्युअलमध्ये अर्ध्या नॉटच्या (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) पोहण्याला मिनिटाला ०.८ लिटर ऑक्सिजन दिलाय, एका नॉटला १.८. वेग दुप्पट, खर्च सव्वादोन पट. ७० किलोच्या माणसाला १.८ लिटर म्हणजे साधारण ७ मेट. तक्त्यातला आकडा खरा ठरायला सबंध डायव्ह एका नॉटने पोहायला हवं!

हवा मोजण्याचा सगळ्यात मोठा फायदा अनपेक्षित होता. कमरेच्या पट्ट्यातलं दोन किलो शिसं काढलं. बीसीडीत (तरंगण्यासाठी हवा भरायचं जाकीट) हवा कमी भरावी लागली, पाय खाली लोंबायचे थांबले, अंग आडवं राहिलं, आणि मिनिटाच्या १६ लिटरचे १४ झाले. ठोक्यांच्या आलेखात हा फरक शोधूनही सापडत नाही.

हवेचं मापही आंधळेपणाने घेऊ नये. घाबरलेला माणूस काम न करता हवा संपवतो, थंडीने कुडकुडणाराही. श्वास मुद्दाम रोखून धरला तर आकडा गोंडस दिसतो, पण कार्बन डायऑक्साइड साठून डोकं ठणकतं, तो प्रकार धोक्याचा आहे. एकाच माणसाचे, सारख्या पाण्यातले डायव्ह एकमेकांशी ताडून बघायला मात्र याहून चांगलं काही मला मिळालेलं नाही.

जमिनीवर ठोके पुष्कळ उपयोगी आहेत. पळणं, चढ चढणं, यांत घड्याळावर भरवसा ठेवतो. सायकलला पॅडलचे वॅट मोजणारं मीटर असेल तर तेच बघावं. वजनं उचलताना मूठ आवळली की मनगटाचा सेन्सर गडबडतो, तिथे स्वीडनच्या गुन्नर बोर्ग यांची ६ ते २० ची पट्टी, म्हणजे किती दमलो ते स्वतःच सांगणं, जास्त खरं निघतं.

उरलेली तक्रार मोठी आहे. घड्याळ आपणहून मिनिटाला किती बार गेले ते दाखवतं, लिटर नाही. मिनिटाला साधारण १६ लिटरच्या त्याच श्वासाला १२ लिटरच्या टाकीत १.३६ बार दिसतात आणि १५ च्या टाकीत १.०९, मग तुलना कशाची करायची? टाकीचा आकार भरायची सोय आहे, पण सेटिंगच्या तळाशी लपवलेली, आणि टाकी बदलली की पुन्हा भरावी लागते. कॅलरी मात्र डायव्ह संपताच पहिल्या पानावर. हवा, खोली, वेळ, ठोके, वजन सगळं घड्याळाकडे असताना ते एकत्र करून श्रमाचा अंदाज द्यायला काय अडचण आहे, असं कंपनीला लिहिलंय. उत्तर अजून नाही.

ट्रान्समीटरसकट घेणार असाल तर चार तारे. नुसतं घड्याळ घेऊन पाण्याखालचे श्रम मोजायचे असतील तर दोनच, आणि घेण्याआधी दुकानात लिटरचं पान उघडून दाखवायला सांगा. छातीचा पट्टा फक्त पळायला आणि सायकलला घ्या.