जिप्समचा गिलावा, वाळू-सिमेंटचा गिलावा : काही महिने राहून पाहिल्यावर

घराच्या नूतनीकरणात आतल्या भिंतींचा जुना गिलावा जिथे सुटला होता तिथे पार विटेपर्यंत काढला. बैठकीच्या आणि झोपायच्या खोल्यांत जिप्सम प्लास्टर केलं. स्वयंपाकघरात आणि न्हाणीघराला लागून असलेल्या भिंतींवर वाळू-सिमेंटचा गिलावा आणि वर पुट्टी. आता कोरडी हवा, दमट हवा, दोन्ही पाहून झाल्या आहेत, सामानाची हलवाहलव झाली आहे, भिंतींना धक्केही बसले आहेत. तेव्हा लिहायला हरकत नाही.

कोरड्या खोल्यांसाठी मी पुन्हा जिप्समच निवडेन. पण ज्या भिंती आज नजरेत भरतात त्यांचं श्रेय पोत्यातल्या पावडरीपेक्षा खरवडण्याला जास्त आहे.

जुन्या भिंतीवर आधी हातोडीच्या दांड्याने टकटक करून पाहायचं. भरीव जागी आवाज खणखणीत येतो, सुटलेल्या जागी पोकळ. पोकळ वाजलं की तो भाग काढायचाच, मग वरून कितीही धड दिसो. डिस्टेंपर आणि चुन्याचे जुने थर हे सगळ्यात फसवे. नवा गिलावा त्यांना घट्ट धरतो, पण ते स्वतः भिंतीला धरून नसतात, त्यामुळे कधीतरी सगळं मिळून खपलीसारखं सुटतं. तैलरंगाची अडचण वेगळी, तो इतका गुळगुळीत की पकडच मिळत नाही. आमच्याकडे दोन्ही होते. विटा उघड्या पडल्यावर सांधे साधारण सेंटीमीटरभर खोल कोरून घेतले आणि ब्रशने धूळ झाडली. धूळ झाडणं हे काम सगळ्यांनाच फालतू वाटतं, म्हणून तिथे कुणीतरी उभं राहावं.

मग पाण्याचा शिपका. विटेवर पाणी क्षणात गडप झालं तर भिंत पाणी ओढते आहे असं समजायचं. तशा भिंतीवर गिलावा घट्ट होण्याआधीच त्यातलं पाणी वीट पिऊन टाकते, मग थर भुसभुशीत राहतो आणि कामगाराला हात फिरवायला वेळ मिळत नाही. ती आधी ओलसर करावी लागते, पण पाणी निथळेल इतकी नाही. उलट काँक्रीटच्या तुळईवर आणि खांबावर पाणी नुसतं घरंगळतं. तिथे टाचे मारून, म्हणजे पृष्ठभाग टोचून खडबडीत करून, पकड वाढवणाऱ्या बाँडिंगचा हात दिला. वीट आणि काँक्रीट जिथे भेटतात तिथे दोन्ही बाजूंना १०० ते १५० मिलिमीटर जाईल अशी जाळी ठोकली. जाळी जस्ताचा मुलामा असलेलीच हवी, कारण ओलसर जिप्सममध्ये साधं लोखंड गंजतं आणि गंजाचा डाग रंगातून वर येतो.

वायरिंगसाठी कोरलेल्या खाचा सिमेंटने बुजवल्या होत्या. त्या पूर्ण वाळेपर्यंत मिस्त्रींनी जिप्समला हात लावला नाही, मी घाई करत असताना त्यांनीच अडवलं. त्यांचं म्हणणं बरोबर होतं. ओलं सिमेंट आणि जिप्सम एकमेकांना भिडले की त्यातून फुगणारे क्षार तयार होऊ शकतात आणि थर उचलला जातो. याच कारणाने जिप्समवर सिमेंटचा चिकटवणारा माल लावून थेट टाइल्स बसवू नयेत. मध्ये योग्य प्रायमर लागतो, नाहीतर टाइल्सची भिंत सरळ वाळू-सिमेंटचीच करावी. आम्ही दुसरं केलं.

सरळपणाबद्दल थोडं. जुनी भिंत ओळंब्यात, म्हणजे अगदी सरळ उभी, क्वचितच असते. आमची एक भिंत ओळंब्यात आणायची तर वर ८ मिलिमीटर आणि खाली २० च्या पुढे थर बसत होता. अशा वेळी ठरवावं लागतं की भिंत ओळंब्यात हवी की नुसती सपाट. जिथे भिंतीत बसणारं कपाट यायचं होतं तिथे ओळंबा आणि गुण्या (कोपऱ्याचा काटकोन) दोन्ही धरले, कारण सुतार आला की एकेक मिलिमीटरचा हिशेब होतो. बाकी ठिकाणी सपाटपणावर समाधान मानलं. डोळ्याला किंचित कललेली भिंत कळत नाही, पोटाळलेली लगेच कळते. आधी मालाची छोटी बटणं लावून पातळी ठरवायची, मग त्यांच्यामध्ये माल भरून दोन मीटरची ॲल्युमिनियमची पट्टी ओढायची. पट्टी भिंतीला टेकवून मागून बॅटरी धरली की जिथून उजेड फुटतो तिथे खड्डा. ही तपासणी गिलावा ओला असतानाच करावी. वाळल्यावर खड्डा पुट्टीने भरू असं जो म्हणेल त्याला नाही म्हणा. पुट्टी दीड-दोन मिलिमीटरच्या वर चढवायची वस्तू नव्हे.

थर वाढला की स्विचचे डबे आत जातात आणि दाराची चौकट भिंतीत बुडल्यासारखी दिसते, हे इलेक्ट्रिशियनला आधी सांगून ठेवलेलं बरं.

जिप्समचं काम चालू असताना बघण्यासारखं असतं. ही पावडर म्हणजे भाजलेला जिप्सम. भाजताना त्यातलं बरंचसं पाणी निघून जातं, पाणी मिळालं की ते परत घेऊन तो पुन्हा दगडासारखा होतो आणि त्या वेळी गरमही होतो. हे सगळं साधारण अर्ध्या तासात उरकतं. म्हणून पाण्यात पावडर घालायची, पावडरीत पाणी नाही, आणि हाताने संपेल इतकाच माल कालवायचा. बादलीला आधीचा वाळलेला माल चिकटलेला असेल तर नवा माल त्याच्या संगतीने आणखी लवकर घट्ट होतो. घट्ट होऊ लागलेल्या मालात पाणी ओतून तो पुन्हा सैल करणारा कामगार दिसला तर तो माल टाकून द्यायला लावा. त्याने केलेला तुकडा वाळल्यावर नखाने उकरला जातो. शेवटचा गुळगुळीत हात कधी मारायचा हे मात्र घड्याळ सांगत नाही. बोट टेकवल्यावर ठसा उमटतो पण माल बोटाला येत नाही, ती वेळ. लवकर मारला तर लाटा येतात, उशिरा मारला तर थापीचे काळपट ओरखडे.

याला पाणी मारावं लागत नाही, वाळू-सिमेंटला आठवडाभर मारावं लागतं. एवढ्यावरून लोक धरून चालतात की जिप्सम लगेच रंगवता येतो. घट्ट होणं निराळं आणि वाळणं निराळं. खिडक्या उघड्या ठेवून भिंत सगळीकडे एकसारखी पांढरी होईपर्यंत थांबलो, गडद ठिपके गेले, मगच प्रायमर. रंगाऱ्याने तोंड वाकडं केलं, करू दिलं.

आता वापराबद्दल. रात्री भिंतीलगतचा दिवा लावला की प्रकाश भिंतीवर आडवा पडतो आणि सगळे दोष उघडे होतात. जिप्समच्या भिंती या परीक्षेत स्वच्छ उतरतात. जाळी लावलेल्या सांध्यांवर अजून रेघ नाही. एका दाराच्या वरच्या कोपऱ्यातून मात्र तिरपी बारीक भेग निघाली आहे. दार-खिडकीच्या कोपऱ्यांवर ताण एकवटतो, तिथे जाळीचा तिरपा तुकडा लागतो, आणि गिलाव्यापूर्वी मिस्त्रीकडून तो मागून घ्यावा. वाळू-सिमेंटच्या भिंतीवर केसासारख्या भेगांचं जाळं दिसतं, जवळ गेल्यावर. सिमेंट वाळताना आकसतं, जिप्सम घट्ट होताना किंचित फुगतो, फरक तिथून येतो. त्या भेगा वाढत नाहीत, म्हणून त्रास नाही.

कठीणपणात सिमेंट पुढे आहे. खुर्चीची पाठ घासून जिप्समवर खळगा पडला, सिमेंटवर नुसता रंग गेला. बाहेर आलेल्या कडांना धातूची कोपरापट्टी नसती तर त्या आतापर्यंत चावल्यासारख्या दिसल्या असत्या. खिळा ठोकू नये, भोक पाडून त्यात गट्टू (स्क्रू धरून ठेवणारी खुंटी) विटेपर्यंत जाईल असा बसवावा आणि तितकाच लांब स्क्रू वापरावा. गिलाव्याच्या थरावर जड फळी तोलली जात नाही. दुरुस्ती मात्र जिप्समची सोपी. खळगा भरला, घासला, रंग दिला, पॅच शोधूनही सापडत नाही.

ओल हा त्याचा वैरी. जिप्सम पाण्यात थोडा का होईना विरघळतो आणि ओला राहिला की मऊ पडतो. एका बाहेरच्या भिंतीच्या आतल्या बाजूला रंगाला फुगे आले, हाताला पीठ लागलं. ओल बाहेरच्या भेगेतून येत होती. तिथे वाळू-सिमेंट असतं तरी पांढरे क्षार फुटलेच असते, फक्त गिलावा इतका लवकर मऊ पडला नसता. जमिनीलगतही हेच. गिलावा फरशीला टेकवू नये, थोडी फट ठेवून ती स्कर्टिंगच्या आड घ्यावी, म्हणजे फरशी पुसतानाचं पाणी वर चढत नाही. आमच्या एका खोलीत तो टेकला आहे आणि तिथला रंग तळाशी हलका पिवळसर झालाय.

एक खोली अजून बाकी आहे, तीच ओलीच्या भिंतीची. बाहेरची भेग बुजवून घेतली आहे. आतला मऊ पडलेला थर काढून टाकला आहे आणि विटा उघड्याच ठेवल्या आहेत. त्या पूर्ण वाळेपर्यंत मिस्त्रींना बोलावणार नाही.