मुरानोची १०४ काच आणि वीस नंबरचा दोरा

मणी बनवण्याच्या काचकांड्यांविषयीचे बहुतेक अभिप्राय रंगांपासून सुरू होतात आणि रंगांवरच संपतात. ते स्वाभाविकही आहे, कारण इटलीतील मुरानो बेटाच्या इफेत्रे कांड्यांचे, म्हणजे जुने कारागीर ज्यांना अजून मोरेत्ती म्हणतात त्या कांड्यांचे, रंगपत्रक हातात आले की बराच वेळ दुसरे काही सुचत नाही. माझा व्यवसाय मात्र मणी आणि क्रोशा अशा जोडकामाचा आहे. मी घडवलेला प्रत्येक मणी शेवटी सुती दोऱ्यावर चढतो, टाक्यात अडकतो आणि पुढे धुण्याला, ओढण्याला व हाताळण्याला तोंड देतो. त्यामुळे या काचेची परीक्षा माझ्याकडे दोनदा होते, सकाळी ज्योतीपुढे आणि दुपारी क्रोशाच्या सुईवर. पहिल्या परीक्षेविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. दुसरीविषयी मराठीत माझ्या वाचनात काही आलेले नाही, म्हणून हा अभिप्राय मुख्यतः तिच्याविषयी आहे.

प्रथम १०४ या आकड्याविषयी, कारण खरेदी करताना हाच आकडा पाहायचा असतो. तापमान एका अंशाने वाढले की एक मीटर लांबीची ही काच साधारण १०.४ मायक्रॉनने, म्हणजे मिलिमीटरच्या जेमतेम शंभराव्या भागाने, वाढते. तेच मोजण्याच्या रूढ पद्धतीत १०४ असे लिहिले जाते. प्रयोगशाळेतील नळ्यांची बोरोसिलिकेट काच ३३ ची असते आणि पत्रे वितळवून जोडण्याच्या कामात वापरली जाणारी अमेरिकी बुल्सआय ९० ची. वेगवेगळ्या आकड्यांच्या काचा एकाच मण्यात एकत्र आल्या, तर थंड होताना एक जास्त आक्रसते, दुसरी कमी, आणि मण्याच्या पोटात ताण राहून जातो. खेदाची गोष्ट अशी की तडा त्याच दिवशी जाईलच असे नाही. गळ्यातले विणून, गाठी मारून, गिऱ्हाइकाकडे पोहोचल्यावर तो जाऊ शकतो, आणि मग एक मणी बदलण्यासाठी सगळे विणकाम उसवावे लागते.

बाजारात कोणतेही नाव किंवा आकडा नसलेल्या स्वस्त कांड्या मिळतात. त्या वाईटच असतात असे माझे म्हणणे नाही, पण त्यांची ओळख पटवल्याशिवाय त्या वापरू नयेत. त्यासाठी एक साधी चाचणी आहे. अनोळखी काच आणि खात्रीची १०४ काच यांचे दोन छोटे गोळे वितळवून शेजारी शेजारी चिकटवावेत आणि चिमट्याने ओढून त्यांचा एक बारीक तार काढावा. थंड झाल्यावर तार सरळ राहिला तर दोघींचे जमते. धनुष्यासारखा वाकला तर त्या एकत्र वापरण्याचा विचार सोडून द्यावा. इफेत्रेच्या बाबतीत ही चाचणी करण्याची गरज पडत नाही आणि तिला मोजलेल्या जादा पैशांचा मोठा भाग मी या निश्चिंतीचा समजते.

माझ्या कामाचा दिवस आदल्या संध्याकाळीच सुरू होतो. ज्यांवर वितळलेली काच गुंडाळून मणी घडतो त्या पोलादी सळया मातीच्या लेपात बुडवून उभ्या वाळत ठेवाव्या लागतात, कारण हा लेप नसेल तर मणी सळईलाच कायमचा चिकटतो. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात किंवा मुंबईत राहणाऱ्यांना, रात्रभराने लेप वाळेलच याची खात्री धरता येत नाही; ओला लेप ज्योतीत फुगून सुटतो आणि भोक वेडेवाकडे होते. सकाळी पंखा बंद, बाहेर हवा फेकणारा पंखा चालू, अंगावर सुती कपडे आणि डोळ्यांवर डिडिमियमचा चष्मा. हा चष्मा चैनीचा नाही. तापलेल्या काचेतील सोडियमचा पिवळा उजेड तो अडवतो आणि त्यामुळेच भगभगीच्या आत नेमकी काच कोठे आहे ते दिसते. माझा बर्नर एलपीजी आणि ऑक्सिजन यांवर चालतो. ऑक्सिजन मिनिटाला ५ लिटर देणाऱ्या कॉन्सन्ट्रेटरमधून, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणाऱ्या यंत्रातून, येतो आणि गॅससाठी १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर आहे. स्वयंपाकघरातील सिलिंडर व्यवसायासाठी वापरणे नियमबाह्य आहे, हे नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी आधीच लक्षात घ्यावे.

मुरानोची काच मऊ आहे, म्हणजे ती लवकर पाघळते आणि सळईवर गुंडाळताना हाताचे ऐकते. थंड कांडी एकदम ज्योतीत नेली तर तिचे टवके उडतात, म्हणून ती ज्योतीच्या बाहेरच्या कडेवर फिरवत आत आणावी लागते. पण एकदा टोकाला मधासारखा थेंब लोंबू लागला की उरलेले काम पुष्कळसे पृष्ठताण करतो. क्रोशाच्या दृष्टीने या काचेचा सर्वांत मोठा गुण येथे दिसतो. सळईवर काचेचा पाया जितका रुंद घातला असेल, त्याच्या मानाने वर पुरेशी काच चढवली की मण्याची दोन्ही टोके आतल्या बाजूला ओढली जातात आणि भोकाभोवती बेंबीसारखी गोल, गुळगुळीत खळी पडते. पाया रुंद आणि काच थोडी असेल तर टोके बाहेर येऊन धारदार राहतात. पाहणाऱ्याला दोन्ही मण्यांत फारसा फरक जाणवत नाही, दोऱ्याला मात्र जाणवतो. धारदार टोकाचा मणी प्रत्येक हालचालीत सूत कातरत राहतो आणि काही महिन्यांत दोरा तेथेच तुटतो. मऊ काच ही खळी सहज देते, म्हणून दोऱ्यात काम करणाऱ्याला मी हीच काच सुचवीन.

मणी तयार झाला की सळईसकट तापलेल्या भट्टीत जातो. या काचेसाठी मी भट्टी ५१० ते ५२० अंश सेल्सिअसच्या दरम्यान ठेवते, शेवटचा मणी आत गेल्यावर तेथेच काही वेळ थांबवते आणि मग तापमान सावकाश उतरवते. पुण्यात गुरुवारी देखभालीसाठी वीज जाण्याची शक्यता असते, त्यामुळे त्या दिवशी मी भट्टी लावत नाही आणि राहिलेले विणकाम उरकते. अकस्मात वीज गेलीच तर भट्टीचे दार उघडू नये. जाड अस्तरामुळे आतली उष्णता हळूहळूच कमी होते आणि मणी बहुधा वाचतात. राखेत किंवा वर्मिक्युलाइट या हलक्या, उष्णता धरून ठेवणाऱ्या खनिजात पुरून मणी थंड करण्याची पद्धत शिकताना ठीक आहे, परंतु तसे थंड केलेले मणी विणकामात घालून विकणे मला योग्य वाटत नाही, कारण क्रोशाच्या वस्तूत मणी मण्यावर आपटतच असतो.

दुसऱ्या दिवशी मणी पाण्यात भिजवून सळईवरून काढायचे आणि भोकातील लेप हिऱ्याच्या बारीक कानशीने, पाण्याखालीच, साफ करायचा. कोरडी कानस फिरवली तर ती भुकटी श्वासात जाते आणि ती फुप्फुसांना घातक असते. लेपाचा कण आत राहिला तर पांढरा दोरा पहिल्या धुण्यात राखाडी होतो. येथे काचेचा दोष काही नाही, पण मण्यांविषयीच्या निम्म्या तक्रारी खरे म्हणजे या न केलेल्या सफाईच्या असतात.

आता सुईवरची परीक्षा. भोकाचे माप काचेवर नव्हे, सळईवर ठरते, म्हणून काय विणायचे ते ज्योत पेटवण्यापूर्वीच ठरलेले असावे. १.६ मिलिमीटरच्या सळईवरील मण्यातून वीस नंबरचा मर्सराइज केलेला, म्हणजे प्रक्रियेने चकचकीत व मजबूत केलेला, सुती दोरा एकेरी सहज जातो. अशा कामात सगळे मणी आधी दोऱ्यावर ओवून घ्यायचे आणि विणताना एकेक मणी टाक्यापर्यंत सरकवायचा. शेवटी ओवलेला मणी पहिल्यांदा विणला जातो, त्यामुळे नक्षी उलट्या क्रमाने ओवावी लागते. २.४ मिलिमीटरच्या सळईवरील मणी मात्र आधी ओवण्याची गरज नसते. बारीक पोलादी सुईवर मणी घ्यायचा, चालू टाक्याचा फेरा त्यातून दुहेरी ओढून घ्यायचा आणि पुढचा मुका खांब, म्हणजे क्रोशाचा आखूड घट्ट टाका, घालायचा. मणी खांबाच्या डोक्यावर घट्ट बसतो आणि एखादा फुटलाच तर उसवण्याचे काम थोडक्यात आटोपते. मोठ्या मण्यांसाठी मला हीच रीत अधिक भरवशाची वाटते.

वजनाचा हिशोबही आधी करावा. सर्वसाधारण साडेपाच मिलिमीटर जाडीची आणि ३३ सेंटिमीटर लांबीची कांडी सुमारे २० ग्रॅम भरते. १० मिलिमीटरचा गोल मणी सव्वा ग्रॅमच्या आसपास जातो, म्हणजे एका कांडीत असे पंधराएक मणी होतात. ३० मण्यांच्या गळ्यातल्यात जवळजवळ ४० ग्रॅम काच येते आणि एवढ्या वजनाने सैल विणलेली साखळी लोंबते. तेथे दोरा दुहेरी घ्यावा किंवा मण्यांमध्ये मुक्या खांबांची घट्ट पट्टी घालावी. याउलट तांब्यावर किंवा दुधाच्या पातेल्यावर घालायच्या जाळीदार झाकणाला हे वजन हवेच असते. काठाला ८ मिलिमीटरचे १६ मणी लावले की ११ ग्रॅमच्या आतबाहेर भार होतो आणि पंख्याच्या वाऱ्याने झाकण हलत नाही. माझ्याकडे सर्वाधिक मागणी याच झाकणाला आहे. शेजारच्या एका काकूंनी ते हातात घेऊन म्हटले होते, “अगं, आमच्या आईकडे अशीच जाळी होती, फक्त मणी इतके जड नव्हते, म्हणून ती सारखी सरकायची.” जुन्या घरगुती वस्तूला चांगली काच मिळाली, तर ती शोभेच्या कपाटातून बाहेर येऊन पुन्हा वापरात येते, हे मला या कामातले सर्वांत मोठे समाधान आहे.

रंगांविषयी थोडक्यात, पण मनापासून. हस्तिदंती आणि फिरोजी या दोन अपारदर्शक रंगांची जोडी मी सर्वांत जास्त वापरते. फिरोजीत तांबे आणि हस्तिदंतीत गंधक असल्याने जेथे ते टेकतात तेथे गडद रेघ उमटते आणि ठिपक्याला आपोआप किनार मिळते. कोऱ्या, न रंगवलेल्या सुतावर ही किनार फार देखणी दिसते. काळा म्हणून विकला जाणारा रंग वस्तुतः अतिशय गडद जांभळा असतो. मोठ्या मण्यात तो काळाच दिसतो, मात्र पांढऱ्यावर त्याची बारीक रेघ ओढली की जांभळी झाक स्पष्ट होते. मंगळसूत्राच्या पोतीसाठी काळे मणी करून मागणाऱ्यांना मी हे आधी सांगते. सोन्यामुळे येणारा गुलाबी महाग आहे आणि त्याचा पातळ थर पारदर्शक काचेखाली घातला तरी पुरतो. ज्योतीत ऑक्सिजन कमी पडला तर फिरोजीवर तांबूस किंवा राखाडी पापुद्रा येतो. केवळ गॅस आणि हवेवर चालणारा छोटा बर्नर वापरणाऱ्यांनी हा रंग बर्नरच्या तोंडापासून बराच लांब धरावा. लाल, केशरी आणि पिवळ्या रंगांत कॅडमियमची संयुगे असतात, त्यामुळे हवा बाहेर फेकण्याची व्यवस्था नसलेल्या खोलीत ते वितळवू नयेत.

भारतात मणी होत असताना काच इटलीची का, असा प्रश्न मला विचारला जातो आणि तो रास्त आहे. हाथरस जिल्ह्यातील पुरदिलनगर येथे आणि वाराणसीत काचमणी घडवणाऱ्या कारागिरांची परंपरा आहे. वाराणसीच्या मण्यांना भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. आपल्याकडे धाराशिव जिल्ह्यातील तेर येथे उत्खननात सापडलेले प्राचीन मणी तेथील संग्रहालयात पाहता येतात, आणि मणी करणाऱ्या प्रत्येकाने ते एकदा तरी जवळून पाहावेत असे मला वाटते. ज्या कामात सारखेच शेकडो मणी हवे असतात, उदाहरणार्थ तोरण किंवा पडद्याची झालर, तेथे मी तयार भारतीय मणीच विकत घेते आणि कारागिरांच्या हाताची सफाई मला नेहमी थक्क करते. एकाच मण्यात चार-पाच रंग एकत्र आणायचे असतील, भोक दोऱ्याच्या मापाने हवे असेल आणि मणी रोजच्या वापरात टिकायला हवा असेल, तेव्हा मात्र एकमेकांशी जुळण्याची खात्री असलेल्या कांड्या लागतात.

किमतीबाबत तक्रार करायला जागा आहे. आयात, कर आणि वाहतूक धरून ही काच आपल्याकडे महाग पडते आणि रंगानुसार भावाचे गट असल्याने लाल-गुलाबी रंगांनी बिल झपाट्याने फुगते. एकदा एका विक्रेत्याकडून आलेल्या खोक्यात कांड्या केवळ वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या होत्या आणि बऱ्याचशा तुकड्यांच्या रूपात निघाल्या. तुकडेही वितळवता येतात, पण आखूड तुकडा धरायला वेगळी कांडी जोडावी लागते आणि वेळ जातो. मागणी देताना कांड्या कडक नळीत भरून पाठवाव्यात असे लेखी कळवावे.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने पन्नास रंगांच्या नमुना-जुडीचा मोह टाळून पांढरा, हस्तिदंती, फिरोजी, काळा आणि रंगहीन पारदर्शक हे पाच रंग पाव-पाव किलो घ्यावेत. वरच्या हिशोबाने प्रत्येकाच्या बारा-तेरा कांड्या येतात आणि हात बसेपर्यंत त्या पुरतात. सोबत १.६ आणि २.४ मिलिमीटर या दोन्ही मापांच्या सळया असाव्यात. तान्ह्या मुलांच्या टोपड्यांना, मोज्यांना आणि खेळण्यांना मात्र काचेचे मणी लावू नयेत, ते कितीही चांगल्या काचेचे आणि कितीही घट्ट विणलेले असले तरी. अशी मागणी आली तर मी मण्याच्या जागी सुताचाच गोल गुंडा विणून देते.