सोंग-कुलला घोड्यावर तीन दिवस: कोचकोरच्या सीबीटी ऑफिसचा अनुभव

किर्गिझस्तानला जायचं डोक्यात असंल तर एक काम करा, विमान, व्हिसा आणि राजधानी बिश्केकच्या पहिल्या दोन रात्री एवढंच इथून बुक करा आणि डोंगरातलं सगळं कोचकोर गावातल्या सीबीटी नावाच्या, गावकऱ्यांच्या पर्यटन गटाच्या ऑफिसात जाऊन ठरवा. मी आणि माझे दोन मित्र, तिघंबी उदगीरचे, जुलैत जाऊन आलो. सविस्तर लिहायलोय कारण आपल्याकडची लई पोरं तिकडं एमबीबीएसला आहेत, पालक येत-जात असतात, पण बिश्केक बघून वापस येतात. माझा भाचा तिथंच शिकतोय, तीन वर्षांपासून "मामा या की, मामा या की" चालू होतं त्याचं.

आधी आम्ही आपल्या भागातल्याच एका एजन्सीकडं गेलो होतो, नाव लिहीत नाही. त्यांनी छापील कार्यक्रम दिला, त्यात पहिल्या दिवशी बिश्केकला उतरायचं आणि दुसऱ्या दिवशी जीपनं सरळ डोंगरातलं सोंग-कुल तळं, मुक्काम तळ्याकाठी. मी कागद हातात घेऊन तिथंच थांबलो. बिश्केक साधारण आठशे मीटरवर आणि सोंग-कुल ३०१६ मीटरवर, म्हणजे एका दिवसात दोन हजार मीटरच्या वर चढून तिथंच झोपायचं. माझं मेडिकल दुकान आहे, उंचीवर डोकं दुखणं, उलट्या, झोप न लागणं हे काय असतं ते गोळ्या नेणाऱ्या लोकांकडून ऐकत आलोय, आणि आमच्यातला एक जण बावन्न वर्षांचा बीपीवाला. विचारलं तर म्हणाले सगळे असेच जातात. मग इन्शुरन्सचा कागद मागितला, त्यात बारीक अक्षरात घोडेस्वारी वगळलेली, आणि कार्यक्रमात मात्र घोडेस्वारी मोठ्या अक्षरात! तिथून उठलोच आम्ही. ॲडव्हान्स दिला नव्हता म्हणून बरं. तुम्हीबी पॉलिसी घेताना दोन गोष्टी नक्की वाचा, किती मीटरपर्यंत कव्हर आहे आणि घोड्यावरून पडलं तर कव्हर आहे का.

मग भाच्याला फोन लावला, तो म्हणला मामा कोचकोरला जा, तिथं ऑफिस आहे, भिंतीवर रेट लावलेत. झालं, तेवढ्यावर निघालो.

जाताना दिल्लीहून अल्माटीला विमानानं गेलो, भारतीय पासपोर्टवर कझाकस्तानात १४ दिवस व्हिसा लागत नाही, आणि अल्माटीहून बिश्केक रोडनं साधारण २४० किलोमीटर, मधी कोरदायची बॉर्डर पायी ओलांडायची. किर्गिझस्तानचा ई-व्हिसा मात्र आधी काढून प्रिंट जवळ ठेवली होती. नियम बदलत राहतात, सरकारी साइट स्वतः बघा, एजंटच्या तोंडी सांगण्यावर जाऊ नका. बिश्केकच्या पश्चिम बसस्टँडवरून कोचकोरला शेअर टॅक्सी मिळते, ती भरली की निघते, आपल्या काळी-पिवळीसारखंच. रस्ता बूम नावाच्या घळईतून जातो आणि बालिकचीला इसिक-कुल तळं दिसतं. ह्या तळ्याचं पाणी १६०७ मीटरवर आहे, आणि आपलं कळसूबाई १६४६ मीटर! म्हणजे महाराष्ट्राच्या माथ्यावर आपण जेवढ्या उंचीवर असतो जवळपास तेवढ्या उंचीवर तिथं लोक पोहायलेत. ही गोष्ट कळल्यावर मग सोंग-कुलची उंची खरी डोक्यात शिरली आमच्या.

आता ऑफिसबद्दल. सीबीटी म्हणजे गावातल्या लोकांनी मिळून चालवलेलं पर्यटन. २००० च्या सुमारास स्वित्झर्लंडच्या हेल्वेतास संस्थेच्या मदतीनं असे गट उभे राहिले आणि कोचकोरचा गट त्यात अगदी सुरुवातीचा. ऑफिस म्हणजे दोन टेबलं आणि भिंतीवर नकाशा, पण टेबलावरच्या बाईंना विचारलं ते सगळं पाठ. घोड्याचे एवढे, गाईडचे एवढे, त्याच्या घोड्याचे एवढे, यूर्टात म्हणजे नमद्याच्या गोल तंबूत एका रात्रीचे एवढे, जेवणाचे वेगळे, सगळं एका कागदावर ओळीनं लिहून बेरीज आमच्या समोर केली. तिथलं चलन सोम आणि आपला रुपया जवळपास सारखाच आहे त्यामुळं हिशोब डोक्यातल्या डोक्यात होतो. आम्हाला तीन दिवस दोन रात्रीचे माणशी १५ हजार सोमच्या आत पडले, त्यात घोडा, गाईड, यूर्ट, जेवण सगळं आलं. यूर्टाचे पैसे यूर्टवाल्या घराला, घोड्याचे घोडेवाल्याला जातात, हेबी त्यांनीच सांगितलं.

सगळ्यात मला काय आवडलं तर बाईंनी पैशाच्या आधी विचारलं की काल रात्री कुठं झोपलात आणि परवा कुठं. आम्ही म्हणलं काल बिश्केक. तर म्हणाल्या मग आजची रात्र कोचकोरलाच काढा, इथं अठराशे मीटर आहे, उद्या घोड्यावर किलेमचेच्या जायलूवर मुक्काम, परवा तळं. जायलू म्हणजे उन्हाळी कुरण, जून ते सप्टेंबर मेंढ्या-घोडे घेऊन लोक वर येतात, थंडी पडली की खाली उतरतात. म्हणजे चढायचं ते टप्प्याटप्प्यानं, जे इथं पैसे मागणाऱ्याला सुचलं नाही ते तिनं न विचारता सांगितलं. आमच्या बीपीवाल्या मित्राला तळ्यावरच्या रात्री थोडं डोकं जड झालं, पाणी पिऊन सकाळपर्यंत बरं वाटलं. डायमॉक्स, म्हणजे उंचीच्या त्रासावरची गोळी, बरोबर होती पण ती डॉक्टरला विचारूनच घ्यायची, सल्फाची ॲलर्जी असेल तर आधी सांगायचं, हे दुकानदार म्हणून सांगतो.

घोडे किझार्ट गावातून मिळाले. आधी कधी बसला नसाल तरी चालतं, घोडे शांत आहेत आणि गाईड पुढं असतो, पण रोज पाच-सहा तास बसायचं म्हणजे मांड्या आणि गुडघे बोलायला लागतात, आम्ही निघायच्या आधी दोन महिने रोज सकाळी उदगीरच्या किल्ल्याकडं चालत जायचो त्याचा फायदा झाला. गाईड विशीतला पोरगा, त्याला इंग्रजी मोजकं, आम्हाला किर्गिझ शून्य, तरी अडलं नाही. दुसऱ्या दिवशीची खिंड सव्वातीन हजार मीटरच्या वर आहे. तिथून पलीकडं एकदम तळं दिसतं, एक झाड नाही कुठं, नुसतं हिरवं आणि मधी पाणी. तिघंबी काही बोललो नाही बराच वेळ.

यूर्टाला ते लोक बोझ-उय म्हणतात. वरती मधोमध गोल लाकडी कडं असतं, तुंदुक, त्यांच्या झेंड्यावर आहे तेच. दुपारी गारा आल्या तर घरच्या बाईंनी बाहेरून एक दोरी ओढली आणि नमद्याचा तुकडा सरकून ते भोक बंद, थांबल्यावर परत ओढलं आणि उघडं. मधी लोखंडी शेगडी, त्यात काय जळतंय म्हणून वाकून बघितलं तर गवऱ्या! वासावरूनच ओळखलं होतं खरं तर. आजीच्या घरची चूल डोळ्यासमोर आली. पण रात्री दोन-अडीचला शेगडी विझते आणि मग जुलै असून हाडं गोठायची पाळी येते, रजया तीन-तीन दिलेल्या असतात तरी थर्मल, लोकरी टोपी आणि मोजे न्याच. लाइट एक सोलरचा बल्ब, टॉयलेट बाहेर लांब, टॉर्च लागते. मोबाइलला रेंज नव्हती, घरी आधीच सांगून ठेवा नाहीतर घरचे काळजी करत बसतात.

जेवणाचं शाकाहारी लोकांनी नीट वाचा. ऑफिसात बुकिंग करतानाच सांगायचं, यूर्टावर गेल्यावर नाही, कारण सामान खालून येतं. आम्ही सांगितलं होतं तर बटाटा-गाजराचं सूप, भात, रोटी, घट्ट साय, जाम आणि बोरसोक मिळाले. बोरसोक म्हणजे तळलेल्या कणकेचे फुगीर तुकडे, बिनसाखरेचे शंकरपाळेच समजा. रोटी कधी पालथी ठेवू नका, तिथं ते चालत नाही. घोडीच्या दुधाचा आंबट किमीझ वाटीत देतात, मी दोन घोट घेतले, मित्रांनी हात जोडले, कुणी वाईट मानलं नाही.

बरोबर काय न्यावं तर येसर न्या, म्हणजे आमटीचं मसालेदार पीठ. डाळ-तांदूळ नेऊन उपयोग नाही, तीन हजार मीटरवर पाणी नव्वद डिग्रीच्या आसपासच उकळतं, डाळ शिजतच नाही लवकर. येसर आधीच भाजून दळलेला, त्यामुळं पाण्यात कालवला, उकळी आणली की आमटी तयार. दुसऱ्या रात्री बाईंना विचारून त्यांच्याच शेगडीवर केली. मोठ्या बाईला एजे म्हणतात, आपल्या ताईसारखं. एजेंनी चमच्यानं चव घेतली, मग वाटी पुढं केली, मग नवऱ्याला हाक मारली. निघताना उरलेला डबा त्यांच्याकडंच ठेवून आलो, किती पाणी आणि किती वेळ ते खुणेनं दाखवलं, पण मीठ आधीच घातलंय हे काही मला खुणेनं सांगता आलं नाही. आपल्याकडचं कुणी त्या यूर्टात गेलं तर तेवढं सांगा एजेंना.