एमजीबी की नवी स्विफ्ट?

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या आपल्या मंडळींना हा प्रश्न पडतो तो बहुधा उन्हाळ्यात. कुठल्याशा गावाच्या हिरवळीवर जुन्या गाड्यांचा मेळा भरलेला असतो, त्यात क्रोम बंपरची एमजीबी, म्हणजे ब्रिटिश एमजी कंपनीची जुनी, दुमडत्या छपराची स्पोर्ट्स कार दिसते. किंमत विचारावी तर ती नव्या स्विफ्टपेक्षा कमी निघते. झालं, घरी पोहोचेपर्यंत डोक्यात चक्र सुरू.

आधी वेगाचं बघू. एमजीबीचं इंजिन १,७९८ सीसीचं, सुमारे ९५ हॉर्सपॉवरचं. आजची स्विफ्ट १.२ लिटरची, तीन सिलिंडरची, ८० च्या थोडी वर. ताशी ६० मैल गाठायला दोघींनाही साधारण १२ सेकंद लागतात. सिग्नलवर कुणाची तरी बाजारहाटाची हॅचबॅक तुमच्या स्पोर्ट्स कारला आरामात गाठेल. पण एमजीबीत बूड जवळपास रस्त्याला टेकलेलं, पॉवर स्टिअरिंग नाही, छप्पर मागे दुमडलेलं. तिथे चाळीसचा वेगही सत्तरचा वाटतो. स्विफ्टमध्ये सत्तरला मागच्या सीटवर मूल झोपून जातं.

आता देखभाल, कारण निर्णय खरा इथेच होतो. स्विफ्टला वर्षातून एकदा सर्व्हिसिंगला सोडलं की काम संपलं. एमजीबीला हात लावावे लागतात. पुढच्या सस्पेन्शनला दर तीन हजार मैलांनी ग्रीस, दोन्ही एसयू कार्बोरेटरच्या (इंजिनासाठी पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागांच्या) डोक्यावरची टोपी फिरवून आत थोडं तेल, थंड सकाळी चोक ओढून इंजिन तापेपर्यंत धीर. १९७४ पर्यंतच्या गाड्यांत सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सीटमागच्या फळीखाली दडलेल्या असतात. पाणी बघायचं तर आधी गालिचा उचला! हे वाचून कंटाळा आला असेल तर उत्तर मिळालंच. मजा वाटली असेल तर पुढे वाचा.

सुटे भाग मिळतील का, ही काळजी नको. १९६२ ते १९८० या काळात पाच लाखांहून जास्त गाड्या ॲबिंग्डनच्या कारखान्यातून निघाल्या, त्यामुळे भागांचा तुटवडा नाही; अख्खी बॉडीसुद्धा नवी मिळते. खिसा रिकामा होतो तो गंजामुळे. गाडीला वेगळी चासी (खालचा सांगाडा) नाही, सगळा भार पत्र्यावर, आणि उघड्या गाडीत तो मुख्यतः दाराखालच्या पोकळ सिलवर. वरून चकचकीत रंग आणि आत पुट्टी, असा माल बाजारात भरपूर.

कागदोपत्री मात्र जुनीच जिंकते. ४० वर्षं उलटलेल्या गाडीला नोंद करून घेतली की रस्ता कर नाही, मोठे बदल केलेले नसतील तर एमओटीची (गाडीच्या वार्षिक तपासणीची) सक्ती नाही, लंडनमध्ये युलेझचा (जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांवरचा) आकार नाही. विमाही बहुधा स्वस्त, फक्त त्यात बरेचदा अट असते की रोजच्या वापराला दुसरी गाडी हवी. एमजीबी लिटरभर पेट्रोलमध्ये नऊ किलोमीटरच्या आसपास जाते, तेही जास्त इथेनॉलचं ई-१० नको, कमी इथेनॉलचं, महागातलं ई-५ बरं. स्विफ्ट तेवढ्यात दुप्पट जाते.

सुरक्षिततेत तुलनाच नाही: एकीकडे एअरबॅग आणि एबीएस, दुसरीकडे तुमचं नशीब.

माझं मत स्पष्ट आहे. घरात गाडी एकच असेल, मूल लहान असेल, गाडी पावसात रस्त्यावर उभी राहणार असेल, तर स्विफ्ट. दुसरी गाडी आणि कोरडं गॅरेज असेल तर एमजीबी, त्यातही जीटी. १९६५ मध्ये आलेल्या त्या छप्परवाल्या गाडीचं मागचं दार वर उघडतं, म्हणजे ती तशी हॅचबॅकच! बायकोला (किंवा नवऱ्याला) पटवायला मुद्दा बरा आहे.

बघायला जाल तेव्हा खिशात फडक्यात गुंडाळलेलं चुंबक ठेवा आणि सिलवरून फिरवा. जिथे ते चिकटणार नाही तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे. शक्यतो पाऊस पडून गेल्यावर जा, आणि पायाखालचा गालिचा ओला तर नाही ना, हे हाताने दाबून बघा.