सारे यंत्र मुठीत: डायसन व्ही ८ च्या रचनेचे परीक्षण

डायसनचा व्ही ८ हा कॉर्डलेस व्हॅक्यूम क्लीनर २०१६ साली बाजारात आला. कंपनीने भारतात विक्री सुरू केली ती २०१७ च्या अखेरीस, आणि पुढे अधिक ताकदवान मॉडेल आल्यावरही व्ही ८ कित्येक वर्षे विक्रीत टिकून राहिला. लांब नळी लावली की उभ्याने जमीन झाडता येते आणि नळी काढली की तेच यंत्र हातात धरून गादी, सोफा किंवा गाडीच्या सीट साफ करता येतात, अशी त्याची दोन रूपे आहेत. अशा दुहेरी यंत्राची रचना करणाऱ्यापुढे पहिला आणि सर्वांत अवघड प्रश्न असतो तो वजन कुठे ठेवायचे हा. व्ही ८ चे जवळजवळ सगळे गुण आणि बरेचसे दोष या एकाच प्रश्नाच्या उत्तरातून निघाले आहेत, म्हणून हे परीक्षण तिथूनच सुरू करणे योग्य ठरेल.

या प्रश्नाची दोन उत्तरे आजवर दिली गेली आहेत. इलेक्ट्रोलक्स या स्वीडिश कंपनीने २००४ मध्ये आणलेल्या अर्गोरॅपिडो या क्लीनरमध्ये उभ्या दांड्याच्या खालच्या भागात एक छोटा क्लीनर बसवलेला असे आणि हवा तेव्हा तो बाहेर काढता येई. वजन जमिनीजवळ असल्यामुळे ते यंत्र स्वतःच्या पायावर उभे राही आणि ढकलताना हाताला फारसा भार जाणवत नसे. डायसनने नेमका उलटा मार्ग घेतला. मोटर, सायक्लोन (हवा गरगर फिरवून तिच्यातली धूळ वेगळी करणारा भाग), धुळीचा डबा आणि बॅटरी हे सगळे त्यांनी वर, मुठीभोवती गोळा केले. खाली उरली ती फक्त ॲल्युमिनियमची पोकळ नळी आणि तिच्या टोकाचे ब्रशचे तोंड, ज्याच्या मोटरला वीज पोचवण्यासाठी नळीतून तारा नेलेल्या आहेत. म्हणजे व्ही ८ हा मुळात हातात धरायचा क्लीनर आहे आणि उभे रूप हे त्याला जोडलेले एक साधन आहे. रूप बदलायला एक लाल बटण दाबून नळी ओढून काढावी लागते, एवढेच. वापरणाऱ्याने जिथे हात लावायचा ते भाग लाल रंगाचे ठेवल्यामुळे माहितीपुस्तिका न उघडताही हे जमते.

आपल्याकडच्या घरांसाठी हा निर्णय बरोबर ठरतो, असे माझे ठाम मत आहे. आपल्या घरांत गालिचे क्वचित असतात. जमिनीवर लादी, टाइल किंवा शहाबादी फरशी असते आणि तिच्यावरचा केर केरसुणीने उत्तम निघतो, त्यानंतर लादी पुसलीही जाते. खरा प्रश्न कमरेच्या वरच्या धुळीचा असतो: पंख्याच्या पात्यांवरचा काळा थर, कपाटांच्या आणि पोटमाळ्याच्या कडा, पडद्यांच्या दांड्या, छताच्या कोपऱ्यांतली जळमटे, सरकत्या खिडक्यांच्या खाचांत बसलेली माती, पुस्तकांच्या फळ्या. तिथे केरसुणी किंवा फडके धूळ उडवते आणि ती पुन्हा खाली बसते. लांब नळी वर उचलली असता वजन हाताजवळ आणि हलके टोक दूर अशी स्थिती असेल, तरच हे काम मनगट न पिळवटता होते. वजन दूरच्या टोकाला असलेले यंत्र डोक्यावर धरून पाहावे, म्हणजे फरक लगेच कळतो. पलंगाखालच्या जागेचेही तसेच आहे. नळी जवळजवळ आडवी करून पातळ तोंड भिंतीपर्यंत सरकवता येते, कारण अडवणारा जाड भाग पलंगाच्या बाहेर, हाताशीच राहतो. दिवाळीपूर्वीच्या साफसफाईत स्टूल आणून चढण्याची जी अनेक कामे असतात, त्यांतली बरीचशी या रचनेमुळे जमिनीवर उभे राहून होतात. घरातल्या वयस्कर माणसांच्या दृष्टीने मला हा सर्वांत मोठा लाभ वाटतो.

या लाभाची किंमत मनगट देते. पूर्ण यंत्राचे वजन सुमारे २.६ किलो आहे. आकडा मोठा नसला तरी जमीन झाडताना त्यातला बराचसा भार जमिनीवर न जाता हातातच राहतो. मोटर मुठीच्या वर आणि बॅटरी मुठीच्या तळाशी ठेवून रचनाकारांनी तोल चांगला साधला आहे, पुढच्या डब्याकडे यंत्र झुकत नाही. पण तोल चांगला असणे आणि वजन कमी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सलग मोठे घर झाडायचे असेल, तर खांद्यापेक्षा आधी मनगट थकते.

धूळ वेगळी करण्याची पद्धत हा या रचनेचा दुसरा आधार आहे. पिशवीच्या जुन्या क्लीनरमध्ये हवा पिशवीच्या सूक्ष्म छिद्रांतून बाहेर पडते, ती छिद्रे बारीक धुळीने बुजत जातात आणि पिशवी भरण्याच्या कितीतरी आधी ओढ कमी होते. सायक्लोनमध्ये हवा निमुळत्या शंकूत कडेने शिरते आणि गरगर फिरते. घाटाच्या वळणावर एसटीत उभा असलेला प्रवासी जसा बाहेरच्या अंगाला ढकलला जातो, तसे धुळीचे कण भिंतीकडे फेकले जातात आणि खाली घसरतात. हलकी, साफ झालेली हवा मधून वर निघून जाते. कणावरचा हा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि वळणाची त्रिज्या जितकी लहान तितका तो मोठा होतो. म्हणूनच व्ही ८ मध्ये एका मोठ्या सायक्लोनवर काम भागवलेले नाही. पहिल्या टप्प्यात डब्यातच मोठा केर, केस आणि धागे वेगळे होतात, मग जाळीतून पुढे गेलेली हवा दोन थरांत मांडलेल्या १५ छोट्या शंकूंमध्ये वाटली जाते आणि तिथे बारीक धूळ गळून पडते.

ही कल्पना कारखान्यांतून आली आहे. लाकडाच्या गिरण्यांत भुसा गोळा करायला सायक्लोन फार पूर्वीपासून वापरले जात होते. कंपनीचे संस्थापक जेम्स डायसन यांनी १९७८ च्या सुमारास ते घरगुती यंत्रात आणण्याचा विचार सुरू केला आणि ५,१२७ नमुने केल्यानंतर त्यांना हवे तसे यंत्र मिळाले. जपानमध्ये जी-फोर्स या नावाने ते आधी विकले गेले, आणि १९९३ साली ब्रिटनमध्ये डीसी०१ आला. मात्र ती सगळी तारेची, जमिनीवर चालणारी मोठी यंत्रे होती. तीच गोष्ट मुठीत मावेल एवढी लहान करणे शक्य झाले ते मोटरमुळे. व्ही ८ ची मोटर मिनिटाला १,१०,००० पर्यंत फेरे घेते. इतक्या वेगामुळेच लहान पंखाही पुरेशी हवा ओढू शकतो आणि छोट्या शंकूंतून ती वेगाने फिरवू शकतो. मोटर लहान झाली नसती, तर वजन मुठीजवळ ठेवण्याचा निर्णय कागदावरच राहिला असता.

तरीही सायक्लोन म्हणजे फिल्टरपासून सुटका, असे जे समजले जाते ते बरोबर नाही. अतिसूक्ष्म धूळ शंकूंतूनही निसटते, तिच्यासाठी मोटरच्या आधी एक आणि नंतर एक असे दोन फिल्टर आहेत. प्लॅस्टरची धूळ किंवा पीठ यांसारखा बारीक चुरा अगदी थोडाच ओढावा, अशी सूचना कंपनीनेच दिलेली आहे. आपल्याकडे याचा अर्थ असा की, अंगणातली किंवा उंबऱ्याची रांगोळी केरसुणीनेच काढावी, आणि घरात रंगकाम किंवा भिंतीचे खोदकाम झाले असेल तर नंतरची पांढरी धूळ ओल्या फडक्याने टिपावी. ओला केर तर या यंत्रासाठी नाहीच. मोटरआधीचा फिल्टर साधारण महिन्यातून एकदा थंड पाण्याने धुवायचा आणि निदान २४ तास वाळवायचा असतो. कोकणात किंवा मुंबईत जुलै महिन्यात २४ तासांत काय वाळते, हे इथल्या माणसाला सांगायला नको. त्यामुळे पावसाळ्यात फिल्टर धुतल्यावर यंत्र दोन-तीन दिवस बाजूला ठेवण्याची तयारी हवी, किंवा दुसरा फिल्टर घेऊन ठेवावा. ओलसर फिल्टर बसवून यंत्र चालवण्याची घाई करू नये.

डबा पारदर्शक आहे, आणि ही साधी वाटणारी गोष्ट फार उपयोगाची आहे, कारण कधी रिकामा करायचा हे डोळ्यांना दिसते. त्याची क्षमता मात्र केवळ ०.५४ लिटर आहे. दोन खोल्यांच्या घराला ती पुरते, पण कापसाच्या गाद्या असलेल्या घरात फुगलेला कापूस आणि केस यांनी ती पाहता पाहता भरते, आणि डब्यावरच्या खुणेच्या वर केर गेला की शंकूंचे काम बिघडून धूळ थेट फिल्टरवर जाऊ लागते. रिकामे करण्याची युक्ती सुरेख आहे: वरची लाल मूठ ओढली की आतला सायक्लोन वर सरकतो, एक रबरी कडे जाळीवर चिकटलेला केर खरवडून खाली ढकलते आणि तळाचे झाकण उघडते. याच्या आधीच्या व्ही ६ मध्ये तो केर बोटांनी काढावा लागे. धूळ उडण्याचा प्रश्न मात्र यानेही सुटत नाही. झाकण उघडताना बारीक धुळीचा लोट उठतो, आणि ज्यांना दम्याचा किंवा शिंकांचा त्रास आहे त्यांनी डबा पिशवीत खोलवर धरून, शक्यतो गॅलरीत जाऊनच रिकामा करावा.

२०१८ साली आलेल्या व्ही १० मध्ये सायक्लोन आडवा करून नळीच्या रेषेत आणला गेला. हवेला वळण घ्यावे लागत नाही, मोटर १,२५,००० फेऱ्यांची आहे, डबाही मोठा आहे. अभियांत्रिकीच्या दृष्टीने ही प्रगती खरीच आहे. पण डब्याचे झाकण आता नळी जोडण्याच्या जागीच उघडते, त्यामुळे प्रत्येक वेळी नळी काढूनच डबा रिकामा करावा लागतो. छोट्या घरात वारंवार डबा रिकामा करणाऱ्याला व्ही ८ ची जुनी, खाली लटकणाऱ्या डब्याची रचना अजूनही सोयीची वाटू शकते.

नळीला किंवा यंत्राला लावायच्या वेगवेगळ्या तोंडांबद्दल एकच गोष्ट विस्ताराने सांगण्यासारखी आहे. फिरत्या ताठ ब्रशचे जे तोंड आहे, ते मुळात गालिच्यांसाठी आहे. त्यात बारीक धुळीसाठी कार्बन फायबरचे मऊ केस दिलेले असले, तरी गुळगुळीत लादीवर सांडलेले तांदूळ, चुरमुरे किंवा शेंगदाण्याची टरफले त्याच्या पुढच्या कडेला अडतात आणि पुढे ढकलली जातात. दुसरे तोंड मऊ, जाड रोलरचे आहे, त्याला पुढे तशी कड नाही. रोलर केरावर चढून त्याला आत घेतो आणि त्याच फेऱ्यात बारीक धूळही टिपतो. टाइलच्या घरासाठी हेच तोंड हवे, आणि ते प्रत्येक संचात मिळत नाही. गादीसाठी असलेले छोटे मोटरचे तोंड हा या यंत्राच्या हातातल्या रूपाचा खरा दागिना आहे. गादीतून निघालेली करडी पूड डब्यात पाहिल्यावर त्याची गरज कोणालाही पटावी.

आता चाप. व्ही ८ चालू राहण्यासाठी बंदुकीसारखा चाप सतत ओढून धरावा लागतो. बोट सुटले की यंत्र बंद. बॅटरी वाया जाऊ नये हा त्यामागचा हेतू आहे आणि कोपऱ्यांच्या तुकड्यातुकड्याच्या कामात तो काही अंशी योग्यही आहे. पण सलग काम करताना तर्जनी आखडते, आणि हातांचा संधिवात असलेल्या माणसाला तर हे यंत्र वापरणे फार अवघड जाते. स्टूलावर चढणे टळावे म्हणून ज्यांना या यंत्राची सर्वाधिक गरज आहे, त्यांनाच त्याचा चाप दूर ठेवतो. हा या रचनेतला मला सर्वांत गंभीर वाटणारा दोष आहे, आणि चापाशेजारी चालू ठेवण्याची एक छोटी कळ दिली असती तर तो सहज टळला असता. २०२३ च्या जेन५ डिटेक्ट या मॉडेलमध्ये कंपनीने चाप काढून एकच बटण दिले. ते इतक्या उशिरा का व्हावे, हे समजण्यासारखे नाही.

बॅटरी साध्या तोंडाने ४० मिनिटांपर्यंत चालते, मोटरचे तोंड लावल्यावर त्याहून बरीच कमी, आणि सर्वाधिक ताकदीवर सुमारे ७ मिनिटे. शेवटपर्यंत ओढ कमी होत नाही, पण त्यामुळे यंत्र पूर्वसूचनेशिवाय थांबल्यासारखे वाटते. पूर्ण चार्जिंगला ५ तास लागतात. रोज थोडे थोडे वापरणाऱ्या घराला हे पुरेसे आहे; आठवड्यातून एकदा सगळे घर एका दमात काढणाऱ्याला नाही. बॅटरी स्क्रूने बसवलेली आहे, म्हणजे जुनी झाल्यावर बदलता येते, परंतु दोन बॅटऱ्या आलटून पालटून वापरण्याची सोय, जी नंतरच्या व्ही १५ या मॉडेलमध्ये आहे, ती इथे नाही.

यंत्र स्वतः उभे राहत नाही. भिंतीवर स्टँड ठोकून ते टांगावे लागते, आणि भाड्याच्या घरात भिंतीला भोक पाडण्यावरून घरमालकाशी आधी बोलावे लागेल. एकदा टांगले की मात्र दाराआडची वीतभर जागा त्याला पुरते, आणि तार नसल्याने जुन्या इमारतींत खोलीला एकच प्लग असण्याची अडचणही उरत नाही.

किंमत पाच आकडी आहे, त्यामुळे संचात मऊ रोलर आणि गादीचे तोंड दोन्ही आहेत ना, हे आधी पाहावे. आणि दुकानात प्रात्यक्षिक बघताना विक्रेत्याने जमिनीवर टाकलेली पूड किती झटकन उचलली जाते याकडे लक्ष देण्यापेक्षा, यंत्र आपल्या हातात घेऊन, नळी छताकडे उचलून, चाप न सोडता पाच मिनिटे उभे राहावे. घरात जो हे काम रोज करणार आहे, त्यालाच ही परीक्षा द्यायला सोबत न्यावे.