४८ व्होल्टचा दिवा बंद होता, आणि मी तो पाहिला होता

जुना माइक ॲपवरून घेताना मी फसले. आकडा आधी सांगून टाकते : १३,४०० रुपये. त्यातले ८,००० आमच्या महिला भजन मंडळाचे, कार्यक्रमांच्या सुपाऱ्यांतून जमलेले. ते मी पोस्टातल्या माझ्या बचतीतून आठवड्याच्या आत भरले. तरी बायकांसमोर हिशेबाची वही उघडताना हात थरथरत होता.

मी अडाणी नाही. हे लिहावं लागतंय, कारण गेला महिनाभर ज्याने त्याने मला तेच ऐकवलं. गणपतीआधी आमचे भजनातले दोन गजर घरीच रेकॉर्ड करून मुंबईच्या चाकरमान्यांना पाठवायचे होते आणि त्यासाठी मी दोन महिने माइकांची माहिती गोळा करत होते. आधी १,८०० रुपयांचा एक चिनी संच घेऊन झाला होता. तो थेट संगणकाला लावला की गाण्यापेक्षा घरघर जास्त. तेव्हा कळलं की कंडेन्सर माइकला, म्हणजे बारीकसारीक आवाज टिपणाऱ्या माइकला, ४८ व्होल्टची फँटम पॉवर (माइकच्या तारेतूनच जाणारी वीज) लागते आणि ती इंटरफेसमधून, म्हणजे माइक संगणकाला जोडायच्या पेटीतून, मिळते. ती नसेल तर चांगला कंडेन्सरसुद्धा मुका. डायनॅमिक या दुसऱ्या जातीच्या माइकला तिची गरज नाही. आमचं घर कौलारू, पडवीला पत्रे. आषाढात पत्र्यावर पाऊस बडवायला लागला की शेजारी बसलेल्याचं बोलणं कळत नाही. अशा घरात खरं तर तोंडाजवळ धरून गायचा डायनॅमिकच घ्यावा, लांबचा गलका तो कमी उचलतो. शुअरचा एसएम ५८ त्यातलाच, १९६६ पासून चालत आलेला. पण मला आवाजातला बारकावा हवा होता, म्हणून माझं मन ऑडिओ-टेक्निकाच्या एटी २०२० वर बसलं. तो आणि फोकसराइटचा सोलो इंटरफेस, दोन्ही नवे घ्यायचे तर कोल्हापूरच्या दुकानात १९,००० च्या वर सांगितले. एवढे मंडळाकडे नव्हते.

जुन्या वस्तू विकायच्या एका ॲपवर दोन्ही मिळून ९,५०० ला दिसले. विकणारा रत्नागिरीचा म्हणाला, साउंडचा धंदा बंद करतोय म्हणाला. बोलणं गोड, प्रत्येक वाक्याला ताई. सैनिकाचं ओळखपत्र पाठवणारा, बदली झाली सांगणारा कोणी असता तर मी तिथल्या तिथे फोन ठेवला असता, ती तऱ्हा आता पोराटोरांनाही माहीत आहे. हा आपल्या कोकणातला वाटला. मी स्वतः येऊन घेते, असंही त्याला सांगितलं होतं. कुडाळहून गाडीने अडीच-तीन तास. तर म्हणे रुळावर दरड आलीय, गाड्या रखडल्यात, तुम्ही कशाला त्रास घेता, कुरिअर करतो. गाडी धावतेय की नाही हे फोनवर दोन मिनिटांत दिसतं. मी बघितलं नाही.

आणि आता ती चित्रफीत. आवाज ऐकवा म्हटल्यावर त्याने ४० सेकंदांची पाठवली. एक मुलगा अभंग गातोय, समोर एटी २०२०, बाजूला लाल रंगाचा सोलो. आवाज नितळ, श्वाससुद्धा ऐकू येतोय. आणि सोलोवरचा ४८ व्होल्टचा दिवा बंद.

मी तो पाहिला होता. चित्रफीत चार वेळा लावली, चारही वेळा पाहिला. दिवा बंद म्हणजे माइकला वीज नाही, म्हणजे हा आवाज त्या माइकचा असूच शकत नाही, दुसरीकडचा आणून वर चिकटवलेला आहे. एवढं ज्ञान माझ्यापाशी होतं, १,८०० रुपये घालवून मिळवलेलं! शिवाय तो मुलगा माइकच्या टोकाला तोंड लावून गात होता. एटी २०२० वर तसं गात नाहीत, त्याच्या बाजूला तोंड करून गायचं असतं. मी मनाची समजूत घातली : उजेडामुळे दिवा दिसत नसेल, पोरगा नवखा असेल. रात्री झोपताना आजही तो विझलेला ठिपका डोळ्यांसमोर येतो. तेव्हा माझा एक पैसाही गेला नव्हता. "दादा, जरा ४८ चं बटण दाबून दाखवा," एवढं त्याला म्हटलं असतं, तर विषय तिथेच मिटला असता. ९,५०० ला दुसरं कोणी घेऊन जाईल, या घाईने मी गप्प बसले.

पहिले १,००० बुकिंगचे. मग कुरिअरच्या पावतीचा फोटो आला, नाव-पत्ता अगदी बरोबर, म्हणून उरलेल्यातली निम्मी रक्कम, ४,२५०. (नाव-पत्ता मीच दिला होता, तो बरोबरच असणार.) दुसऱ्या दिवशी कुरिअरवाला म्हणून कोणाचा फोन : नाजूक सामानाचा विमा ३,१५०, माल पोचला की परत. तेही भरले. संध्याकाळी संशय आला, सौदा रद्द करा म्हटलं. तो लगेच कबूल झाला आणि परताव्याचा क्यूआर कोड पाठवला, म्हणाला आधी ५,००० येतील, मग बाकीचे. सासूबाईंना ताप होता, चुलीवर पेज होती, एका हाताने स्कॅन केलं आणि पिन टाकला. ५,००० गेले. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन फक्त द्यायला लागतो. हे भिंतीवर लिहून ठेवा.

घरात एवढंच ऐकलं, "माका आधी सांगूक काय झाला होता?" त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पुढचं मात्र माझ्या चुकीचं नाही. त्याच संध्याकाळी सव्वापाचला बँकेत फोन केला. "व्यवहार बंद झालेत, उद्या या." त्या माणसाने १९३० हा सायबर फसवणुकीचा नंबर तरी सांगायचा! तो मला रात्री नऊला पुतण्याने सांगितला. तिथे तक्रार घेतली, क्रमांक दिला, पण तोवर चार तास उलटले होते आणि पैसे त्या खात्यातून पुढे सरकले होते. सकाळी बँकेत मी फसव्या ऑनलाइन व्यवहारांत ग्राहकावरचा भार मर्यादित करणाऱ्या, रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाचा कागद पुढे केला, तर साहेबांनी तो न वाचता सरकवला : ते ग्राहकाने न केलेल्या व्यवहारांना आहे, पिन तुम्ही स्वतः टाकलात. नियमाने बरोबर असेल. पण ज्या खात्यात माझे पैसे गेले ते कोणत्या तरी बँकेनेच कागदपत्रं बघून उघडलंय ना? ते खातं कोणाचं, हे मला कोणीही सांगत नाही.

आणि पोलीस ठाणं. "माणूस रत्नागिरीचा, तक्रार तिकडे द्या." अहो, तो रत्नागिरीचा आहे हे त्याच्याशिवाय कोणी सांगितलंय? दुसऱ्या खेपेला साहेब बंदोबस्ताला. तिसऱ्या खेपेला एक जण म्हणाला, "ताई, तेरा हजारांसाठी कोण फिरणार?" तेरा हजार म्हणजे आमच्या किती सुपाऱ्या, किती रात्रींची जागरणं, हे त्याला काय माहीत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असो, दखलपात्र गुन्ह्याची खबर घ्यावीच लागते. हे मी छापून नेलं तेव्हा कुठे अर्ज घेतला. गुन्हा अजून नोंदलेला नाही. शिक्क्याची प्रत मागून घ्या, न मागता देत नाहीत.

जुना माइक घेणार असाल तर व्हिडिओ कॉलवरच बघा. माइकमध्ये आजची तारीख आणि तुमचं नाव बोलायला लावा. कंडेन्सर असेल तर ४८ चं बटण बंद करायला सांगा, थोड्या वेळात आवाज गेला पाहिजे. एसएम ५८ च्या नकला बक्कळ आहेत, मिळाला की वजन करा, खरा २९८ ग्रॅमच्या आसपास भरतो. आणि इंटरफेसचा खर्च झेपत नसेल तर थेट संगणकाला लागणारा यूएसबी माइक घ्या, पण दुकानातून, बिलासकट.

गजर आम्ही फोनवरच रेकॉर्ड केले, माजघरात चारी बाजूंनी गोधड्या टांगून, पाऊस थांबला त्या दुपारी.

परवा त्याच ॲपवर नवी जाहिरात दिसली. नाव वेगळं, गाव चिपळूण, किंमत ९,०००. चित्रफीत तीच, तोच अभंग, दिवा बंद. मी ॲपकडे तक्रार केली आणि १९३० वर माझ्या जुन्या क्रमांकासह कळवलं. आज सकाळी बघितलं, जाहिरात अजून तिथेच आहे.